हिरवी वायर

तेराव्याच्या दिवशी सोमा दाराशी आला तेव्हा त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही.

तो उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. खांद्यावर केळीच्या पानांचा भारा होता. मागे सविता उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. दिंडोरीहून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून दोघं देवळालीगावात पोचली होती. सविता म्हणजे लखनची धाकटी बहीण. तिच्या माहेरच्या दारात तिलाच थांबावं लागत होतं.

लखन भिंतीला टेकून सतरंजीवर बसला होता. दहाव्याला रामकुंडावर डोकं भादरलं होतं, त्यावर आता खुंट आले होते. समोर त्याचे सासरे धोंडीराम मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या शेजारी रोहित, लखनच्या गेलेल्या बायकोचा, मोहिनीचा भाऊ. धोंडीरामांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत टॉवेल आणि पांढरी टोपी. जेवणाआधी सासऱ्यानं जावयाच्या डोक्यावर ती ठेवायची, म्हणजे सुतक फिटलं, दुखवटा संपला, माणूस उद्यापासून कामाला मोकळा. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. तरी पिशवी तासभर मांडीवरून हलली नव्हती.

सगुणाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. लखनची आई.

“जावईबापू, दारात काय उभे? आत या,” त्या म्हणाल्या. “हे घर माझं हाय. कोन यायचं आन् कोन नाय, ते मी सांगीन.”

सोमा आत आला. पानांचा भारा कोपऱ्यात ठेवायला गेला आणि थबकला. त्या कोपऱ्यात मोहिनीचा अँप होता, गिटारीचा आवाज मोठा करणारा. गुडघ्याच्या वर येईल एवढी काळी पेटी, तिच्यावर जुनी चादर टाकलेली. गिटार वर लॉफ्टवर गेली होती, पण पेटी एकट्याला उचलवत नसे म्हणून ती होती तिथंच राहिली होती. चादरीखालून वायर बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग.

सोमानं भारा दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

“बरं झालं आलात,” रोहित म्हणाला. “तुमच्या पाठीमागे नको. समोरच होऊ दे.”

त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून लखनच्या पुढ्यात ठेवला. टाइप केलेला अर्ज होता. “अर्जदार, मयताचे पती.” त्याखाली आठ-दहा ओळी आणि सहीसाठी जागा. चौथ्या ओळीत सोमाचं नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. जनरेटर, मंडप व ध्वनिक्षेपकाचे काम पाहणारा. हलगर्जीपणा. मृत्यूस कारणीभूत.

“दाजी, सही करा,” रोहित म्हणाला. “माझ्या सहीनं काम भागलं असतं तर मी कधीच दिला असता. पण फौजदार म्हणतात, नवऱ्याचा अर्ज पाहिजे. त्यात तुम्ही मोटर रिवाइंडिंगवाले. विजेतलं तुम्हाला कळतं. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

लखननं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो तसाच ठेवून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला.

“तेरा दिवस आम्ही गप्प बसलो,” रोहित म्हणाला. “तुमच्या बहिणीचं कुंकू म्हणून. बाबा म्हणाले, दिवस होऊ दे. झाले दिवस.”

“आन् ती माझी कोन नव्हती?” सविता म्हणाली. “माझी वैनी नव्हती? आमच्या इथं बल्ब बदलायचा असला तरी हे पायात चप्पल घालून फळीवर चढत्यात. मी हसते. अन् यांनी हलगर्जी केली?”

“सविता, तू थांब,” सोमा म्हणाला. तो अजून उभाच होता. “दादा, मी तुला सांगतो. त्या दिवशीपासून कुनी मला विचारलंच नाय. पोलिसांनी माझा बोर्ड नेला, केबली नेल्या. मला फक्त नाव विचारलं.”

“सांग,” लखन म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो पहिला शब्द असावा.

“कार्यक्रमाच्या दिवशी मळ्यावर मी सकाळी आठला गेलो. खड्डा माझ्या हातानं खांदला, तीन फूट. कोळसा घातला, मीठ घातलं, दोन बादल्या पाणी. त्यात पाइप. अर्थिंग असं केलं की तशी सरकारी कचेरीत पन नसंल. टेस्टरनं सगळे माइक बघितले. सूत्रसंचालन करणारा तो बाप्या अर्धा तास त्याच माइकला तोंड लावून बोलत व्हता. त्याला मुंगीसुदिक चावली नाय.”

“मग करंट आला कुठून?” रोहित म्हणाला. “आभाळातून?”

“पेटीतून.” सोमानं चादरीकडे बोट केलं. “जुनी पेटी. आत कुठंतरी गळती असंल. तिच्यातून करंट गिटारीच्या तारांत. तारा वैनीच्या हातात. अन् माइक माझ्या अर्थिंगला. वैनीचं तोंड माइकला लागलं, की...” तो थांबला. “पन मला एक कळत नाय, दादा. मी रातच्याला पडल्या पडल्या तेच घोळवतो. गळती झाली, तर पेटीच्या अर्थिंगच्या वायरीनं करंट जमिनीत जायला पायजे. माझा फ्यूज उडायला पायजे. तो उडाला नाय. का उडाला नाय?”

स्वयंपाकघराच्या दारात सगुणाबाई लापशीची पळी घेऊन उभ्या होत्या. पळीवरून तूप ओघळून त्यांच्या मनगटावर आलं. त्यांनी ते पुसलं नाही. त्या लखनकडे बघत होत्या.

“म्हणजे आता पेटीत दोष,” रोहित म्हणाला. “उद्या म्हणाल, ताईतच दोष. अहो, पेटीला तीन पिनांचा प्लग आहे. मी स्वतः लावला तुमच्या बोर्डात. जाड पिन अर्थिंगची. डोळ्यांनी बघा ना, मोजा.”

सगळ्यांनी बघितलं. तीन पिना होत्या.

“परवा-तेरवा पेटीही नेणार आहेत,” रोहित म्हणाला. “विजेच्या खात्यातला तपासनीस उघडून बघणार. बघू दे. आमच्याकडून काही लपवायचं नाही.”

*

मोहिनीनं पहिली गिटार धरली ती प्रेसच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत, वयाच्या बाराव्या वर्षी. धोंडीराम नोटांच्या छापखान्यात होते आणि कॉलनीच्या भजनी मंडळात टाळ वाजवत. मुलीसाठी त्यांनी हार्मोनियम आणली होती. मुलगी शरणपूरला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे जाऊन बसायची, ते चर्चमध्ये गिटार वाजवत आणि लोकांच्या गिटारी दुरुस्त करून देत. तीन वर्षांनी मास्तरांनी धोंडीरामांना निरोप धाडला की हार्मोनियम विकून टाका.

कॉलेजच्या गॅदरिंगला मुलांच्या बँडमधल्या गिटारवाल्याला गालफुगी झाली म्हणून हिला स्टेजवर उभं केलं. त्यानंतर त्या मुलाला कुणी परत बोलावलं नाही. चौघांचा बँड झाला. नाव ठेवलं ‘वालदेवी’, घरामागच्या नदीचं. तालमीला जागा कोण देणार? पिठाच्या गिरणीमागची शेड मिळाली. संध्याकाळी गिरणी बंद झाली की यांचा आवाज सुरू व्हायचा आणि बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या, गिरणी चालू आहे असं समजून. मोहिनी ही गोष्ट सांगताना स्वतःच इतकी हसायची की शेवट दुसऱ्यालाच सांगावा लागे.

लखनला ती भेटली शहाण्णव साली. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाकडून घेतलेला हा अँप पहिल्याच महिन्यात जळाला. ती आणि रोहित तो रिक्षात घालून त्याच्या दुकानी आली. ट्रान्सफॉर्मर गेला होता. दुसरीकडे सगळ्यांनी भंगारात घाल म्हणून सांगितलेलं. लखन म्हणाला, तार भरून देतो. तो वेढे मोजत होता आणि ती स्टुलावर बसून बघत होती. एकशे चाळीसच्या पुढे कुठंतरी गिऱ्हाईक आलं, त्याची मोजणी चुकली. ती म्हणाली, “एकशे त्रेचाळीस. मी मोजतेय.” दोन वर्षांनी लग्न झालं. चार माणसांत ती त्याला अहो म्हणायची, एकटी असली की तू.

नव्व्याण्णव साली एक कॅसेट निघाली, सहा गाण्यांची. नाशिकच्या प्रत्येक होस्टेलात एक तरी सापडायची. मुंबईच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला, पेपरात फोटो आला आणि त्याखाली नाव छापलं मोहन. तिनं तो कागद कपाटाला आतून चिकटवला होता, अजून होता. पुढची तीन वर्षं कॉलेजांचे कार्यक्रम, पुणे, औरंगाबाद, परत येताना पहाटेची एसटी आणि त्या एसटीच्या टपावर ही पेटी. मग मुंबईची एक कंपनी दुसरी कॅसेट काढायला तयार झाली. एकच अट होती, रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे.

आणि रेकॉर्डिंगमध्ये घुरघुर येऊ लागली. बारीक, एकसारखी, गाणं थांबलं की ऐकू येणारी. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, अँप बदला. बदलायचा कुठून? संक्रांतीच्या दिवशी ती घरी आली आणि तिळगुळाचं ताट न घेताच पेटीपाशी जाऊन बसली. रडत नव्हती. तिला रडायचं असलं की ती तारा पुसत बसायची.

लखनला ठाऊक होतं, घुरघुर कशी येते. दोन पेट्यांची अर्थिंग एकमेकांत भिडली की येते. ती कशी घालवायची हेही ठाऊक होतं. आई तीळ भाजत होती, तिच्या ओट्यावरच त्यानं प्लग उघडला. लाल, काळी, हिरवी. हिरवी, अर्थिंगची वायर कापली, टोकाला टेप गुंडाळला, झाकण लावलं. बाहेरून तीन पिना होत्या तशाच.

“बघ,” तो म्हणाला.

तिनं एक सूर वाजवला आणि तारांवर तळवा ठेवला. काहीही आवाज नाही. शेजारच्या घरातली बशी वाजलेली ऐकू आली.

“काय केलंस?” ती म्हणाली.

“जादू.”

“सांग ना.”

“सांगितली तर जादू कसली?”

रेकॉर्डिंग संपलं की परत जोडायची, असं त्यानं मनात धरलं होतं. रेकॉर्डिंग संपलं. द्राक्षांचा हंगाम आला, दुकानात पंपांच्या मोटरी रांगेनं येऊन पडल्या आणि ते राहून गेलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दिंडोरी रस्त्यावरच्या एका मळ्यात कार्यक्रम ठरला. सोमाच्या ओळखीनं. मोहिनी माइकवर कधी बोलत नसे, ती मागे उभी राहायची. त्या दिवशी तिसऱ्या गाण्यानंतर ती पुढे आली. पहिल्या रांगेत लखन बसला होता, त्याच्याकडे तिनं बघितलं, हसली. काहीतरी सांगणार होती. डावा हात तारांवर तसाच होता.

ती काय सांगणार होती, ते आता कळायचं नाही.

*

“लखन, जरा आत ये,” सगुणाबाई म्हणाल्या. “पातेलं उतरवायचंय.”

स्वयंपाकघरात पातेलं आधीच उतरलेलं होतं. त्यांनी दार लोटलं नाही, पण त्याला पार मोरीपाशी नेलं.

“संक्रांतीला तू कापली ती वायर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हिरवी. मी केरात टाकली तिची चिंधी. ती जावईबापू सांगत्यात, तीच का?”

“हो.”

त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. बाहेरून सविताचा आवाज येत होता, मग रोहितचा, मग पुन्हा सविताचा.

“तुला कवा कळलं?”

“ती पडली तेव्हाच. मी तिच्याकडे जायच्या आधी वायर उपटली. ती माझ्या हातात होती, आई. तेव्हाच.”

“तेरा दिस तू...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. बाजारात भाव करताना होई तसा. “जोडता येती का ती परत?”

लखन त्यांच्याकडे बघत राहिला.

“येती का नाय?”

“येते. दोन मिनिटांचं काम.”

“मंग जोड. जेवणं झाली की ही मानसं जातील. सांजच्याला जोडून टाक. तपासनारा येऊ दे नायतर त्याचा बाप. त्याला तीन वायरी दिसतील.”

“आणि सोमा?”

“सोमाचा चुलता कोर्टात हाय. वकील हाय त्यांच्यात. तो सुटंल. चार म्हैने लागतील, सुटंल.” त्यांनी त्याचा दंड धरला. “तुझं कोन हाय? बाप नाय. बायको गेली. मी किती दिस पुरनार? अन् मुद्दाम केलं का तू? तिच्या सुखासाठीच केलं ना?”

“सविता तुझी पोरगी आहे.”

“हाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “म्हनून तर तिला सासर हाय, दीर हाय, पोरं हाय. मोजायला बसले तर तिच्याकडं लय हाय.”

मघाशी दारातल्या जावयाला हे घर माझं आहे म्हणून आत घेणारी ही बाई आता तांदळातले खडे काढावेत तशी माणसं निवडत होती. लखनला तिचा राग आला नाही. तेरा दिवस त्यानंही तेच केलं होतं, फक्त तोंडानं बोलला नव्हता. त्याला एवढंच वाटलं होतं की कुणी विचारलं नाही तर आपण सांगणार नाही. आणि कुणीही विचारलं नव्हतं. विजेतलं त्याला कळतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

“तुझ्या फडताळात स्क्रू ड्रायव्हर होता,” तो म्हणाला.

सगुणाबाईंनी डब्यामागून काढून दिला. “आत्ता नगं. सांजच्याला.”

तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर आला.

बाहेर सविता उभी राहिली होती. “आई कुठंय?” ती म्हणाली. “आई, तू बाहेर ये. मघाशी तू म्हनलीस ना, घर तुझं हाय. मंग सांग यांना. यांना सांग का तुझा जावई असा नाय.”

सगुणाबाई दारात आल्या. त्यांनी पदर सारखा केला. “मला काय कळतं विजेतलं,” त्या म्हणाल्या. “पुरुष मानसं बघतील.”

सविता सोमाजवळ जाऊन उभी राहिली.

“बघा,” रोहित म्हणाला. “तुमच्या आईलाही आता बोलवेना.” त्यानं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. “दाजी, घ्या. पंगत खोळंबलीय.”

लखननं पेन घेतलं नाही. तो अँपपाशी जाऊन खाली बसला. चादर काढली नाही, फक्त वायर ओढून प्लग हातात घेतला. प्लगच्या मधोमध एक स्क्रू होता. तो घट्ट बसला होता, त्यानंच बसवला होता. चार फेऱ्यांत तो निघाला. झाकण उचलून त्यानं प्लग सतरंजीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

लाल वायर एका पिनेला होती. काळी दुसरीला. जाड पिन मोकळी होती. हिरवी वायर आखूड कापून तिच्या टोकाला काळा टेप गुंडाळलेला होता.

“ही मी कापली,” लखन म्हणाला. “संक्रांतीला. रेकॉर्डिंगमध्ये घुरघुर येत होती म्हणून. नंतर जोडायची राहिली.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकू येत होता.

सोमा उकिडवा बसला. त्यानं प्लग उचलून नीट बघितला, बोटानं टेप चाचपला. इतके दिवस त्याला जे कळत नव्हतं ते त्याच्या हातात होतं.

“म्हनून फ्यूज उडाला नाय,” तो स्वतःशीच म्हणाला. मग लखनकडे न बघता म्हणाला, “करत्यात लय जन असं. ऑर्केस्ट्रावाले बी करत्यात.”

“तू गप,” सविता म्हणाली. ती आईकडे वळली. “तुला ठावं व्हतं.”

“आत्ता कळलं गं. तुझ्या गळ्याशपथ, आत्ता.”

“आत्ता कळलं आन् आत्ताच तुला विजेतलं कळंनासं झालं.”

सगुणाबाई दारातच खाली बसल्या. पळी अजून त्यांच्या हातात होती.

रोहित उठून उभा राहिला होता. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. “मी लावला तो प्लग,” तो म्हणाला. “माझ्या हातानं लावला. तीन पिना बघून लावला. दाजी, तुम्ही समोर बसला होतात. मी लावताना तुम्ही समोर बसून बघत होतात.”

“हो.”

“मग एक शब्द...”

“आठवलंच नाही. मला वाटतं, आठवलं असतं तर बोललो असतो. पण आठवलं नाही.”

“वाटतं,” रोहित म्हणाला. “वाटतं म्हणतात हे.” तो पुढे आला तेव्हा सोमानं उठून त्याला छातीशी अडवलं. थोडा वेळ दोघं तसेच उभे होते. मग रोहित त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला, ज्याचं नाव त्यानं चौथ्या ओळीत टाइप करून आणलं होतं.

धोंडीराम अजून एक शब्द बोलले नव्हते. ते उघड्या प्लगकडे बघत होते. छापखान्यात तीस वर्षं त्यांनी कागदातला बारीकसा दोष शोधण्याचं काम केलं होतं, तसं बघत होते.

“लखनराव,” ते म्हणाले. “तिला माहीत होतं?”

लखनला कळलं, की याचं उत्तर हो दिलं तर त्याच्यावरचं अर्धं ओझं उतरेल. तिनंच सांगितलं, गाण्यासाठी तिनंच हट्ट केला, असं म्हटलं तर इथं कुणाला खोटं वाटणार नव्हतं. ती होतीच तशी. आणि विचारायला ती नव्हती. दारातून सगुणाबाई मान हलवत होत्या. हो म्हण, हो म्हण.

“नाही,” तो म्हणाला. “तिनं विचारलं होतं. मी सांगितलं नाही.”

“का?”

“मला वाटलं, तिला गंमत वाटेल.”

धोंडीरामांनी डोळे मिटले. मग उघडले. “रोहित, तो कागद फाडू नको,” ते म्हणाले. “तुला दुसरा टाइप करायला उद्याचा दिवस जाईल.”

लखननं जमिनीवरचं पेन उचललं. चौथ्या ओळीतलं सोमाचं नाव त्यानं खोडलं, बापाच्या नावासकट, आणि वरच्या जागेत स्वतःचं लिहिलं. अक्षर मोठं आलं, ओळीत मावेना. मग ‘अर्जदार’ म्हणून खाली सही केली.

“मी चौकीत जातो,” तो म्हणाला.

“थांबा.” धोंडीराम गुडघ्यावर हात ठेवून उठले. पिशवीतून त्यांनी टोपी काढली. घडी मोडून हातानं सारखी केली. ते जवळ आले तसा लखन मागे सरला, पण मागे भिंत होती.

“माझी बायको गेली तेव्हा माझ्या सासऱ्यानं मला घातली होती,” धोंडीराम म्हणाले. “त्या माणसाचं आणि माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं. तरी तो आला होता.” त्यांनी टोपी लखनच्या खुंटाळ डोक्यावर ठेवली, पुढे ओढून नीट बसवली. त्यांची बोटं गार होती. “यात माफीबिफी काही नाही. तसं समजू नका. मला तुमचं तोंड बघवेल का, ते माहीत नाही. पण बोडक्या डोक्यानं तुम्ही चौकीची पायरी चढायची नाही. ती माझ्या मुलीची अब्रू आहे.”

“टॉवेल?” रोहितनं डोळे पुसत विचारलं. रीत म्हणून.

“टॉवेल राहू दे.”

स्वयंपाकघरात लापशी गार होत होती. केळीची पानं भाऱ्यात बांधलेलीच होती. ती कुणी सोडली नाहीत.

“पेटी न्यायची ना?” लखन म्हणाला. त्यानं अँपवरची चादर काढली, घडी घातली, खाली ठेवली. मग उजव्या बाजूची कडी धरली. डावी बाजू नेहमी मोहिनी धरायची. सगळ्या एसटी स्टँडांवर, सगळ्या जिन्यांत, डावी बाजू तिची.

सोमा पुढे झाला. सवितानं त्याची बाही धरली. “तुमी नाय,” ती म्हणाली.

मग रोहित आला. त्यानं लखनकडे बघितलं नाही. वाकून त्यानं डावी कडी धरली आणि एक, दोन, म्हणून दोघांनी पेटी उचलली.

गल्लीत ऊन झालं होतं. ओट्यांवर बसलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या. दोघं बेताबेतानं पावलं टाकत चौकीच्या रस्त्याला लागले. मागून धोंडीराम चालत होते. झाकण नसलेला प्लग जमिनीवर घासत जाऊ नये म्हणून त्यांनी तो हातात धरला होता.